ज्याला त्याला एक माहेर हवे

माणूस गेला की काय करायचे, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. शेजारपाजारची मंडळी दाराबाहेर चपला काढून न बोलता आत येतात आणि भिंतीला टेकून बसतात. त्या घरात चूल पेटायची नाही म्हणून कोणीतरी पिठले-भाताचे पातेले आणून ठेवते. दहावा, बारावा, तेरावा असे दिवस मोजून दिलेले असतात. चौदाव्या दिवशी गोडाचा घास तोंडात घालून घरच्यांना पुन्हा माणसांत आणले जाते. कचेरीतला खडूस साहेबसुद्धा म्हणतो, ‘सावकाश या, घाई करू नका.’ दुःख यातून कमी होत नाही. पण त्याला वेळापत्रक मिळते, साक्षीदार मिळतात, आणि मुख्य म्हणजे परवानगी मिळते.

आता असे समजा, की माणूस गेलेला नाही, फक्त आपल्या आयुष्यातून निघून गेला आहे. साखरपुडा झाल्यावर लग्न मोडले आहे. किंवा बारा वर्षांच्या संसारानंतर दोघांनी दोन घरे केली आहेत. किंवा लग्नाचा प्रश्नच कधी आला नव्हता, पण दिवसाची सुरुवात ज्याच्या आवाजाने व्हायची तो आवाज बंद झाला आहे. तो माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, कदाचित याच क्षणी कुठेतरी हसतही असेल. याचे सुतक किती दिवसांचे? पिठले-भात कोणी आणायचा? या प्रश्नांची उत्तरे आपल्या पंचांगात नाहीत.

पूर्वी काही समाजांत निदान पंच तरी बसत. चार माणसांसमोर गवताची काडी मोडायची, आणि नाते संपले असे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहायचे. ‘काडीमोड’ हा शब्द त्यावरूनच आला. आता त्या जागी कोर्ट आले. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद झाली. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचे आणि मग पुन्हा हजर व्हायचे, असा तो नियम. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की समेटाची काहीच शक्यता नसेल तर ही मुदतही माफ करता येईल. पण ते सहा महिने दिले होते विचार बदलण्यासाठी, रडण्यासाठी नव्हे. ज्यांचे लग्नच झाले नव्हते त्यांना तर कोर्टही नाही आणि काडीही नाही.

मी आयुष्यातली तीस-एक वर्षे बँकेत काढली. रजेचे अर्ज मंजूर करणे हा माझ्या कामाचा एक भाग होता. नैमित्तिक रजा, आजारपणाची रजा, हक्काची रजा, बाळंतपणाची रजा असे सगळे रकाने त्या कागदावर असत. मन मोडले म्हणून घ्यायच्या रजेचा रकाना नव्हता. म्हणून माणसे ‘ताप’ असे लिहीत. सही करणाऱ्याला कळत असे, लिहिणाऱ्यालाही कळत असे की कळले आहे. आणि दोघेही गप्प बसत.

गंमत अशी, की तो ताप अगदीच खोटा नसतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नुकतेच कोणीतरी सोडून गेले होते अशा चाळीस जणांना त्यांनी मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवले. एकदा त्यांच्या हाताला सोसवेल इतपत चटका दिला आणि एकदा सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला. दोन्ही वेळी मेंदूच्या काही भागांत सारखीच हालचाल दिसली, आणि त्यात शरीराची वेदना नोंदवणारे भागही होते. जपानी डॉक्टरांनी तर १९९० साली हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले, जो मोठ्या मानसिक धक्क्यानंतर उद्भवतो. हृदयाचा एक कप्पा फुगून तिकडच्या कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव ‘ताकोत्सुबो’. सुदैवाने बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. ‘काळजाला घर पडणे’ असे आपल्या आज्या म्हणत, त्यात त्यांनी फारशी अतिशयोक्ती केली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

मग अशा माणसासाठी भोवतालचे लोक करतात काय? दोन गोष्टी. एक, ‘नेमके काय झाले?’ असे विचारतात. दोन, सल्ला देतात. विचारणारा प्रत्येक जण मनातून न्यायाधीश असतो; चूक कोणाची हे त्याला ठरवायचे असते. सल्ला देणाऱ्यालाही घाई असते. ‘विसरून जा’, ‘झाले ते बरेच झाले’, ‘तुला काय कमी आहे?’ ही सगळी वाक्ये समोरच्याचे दुःख लवकर आवरते घ्यावे म्हणून केलेली विनंती असते. ज्याचे नाते तुटले आहे तो माणूस या चौकशांना उत्तरे देऊन देऊन अधिकच थकतो.

आणि मग एके दिवशी तो असे काही करू लागतो, की घरच्यांना वाटते, हा लहान मूल झाला की काय!

माझ्या परिचयातली पस्तिशीची एक मुलगी घटस्फोटानंतर आईवडिलांच्या घरी परत आली. चांगल्या हुद्द्यावर नोकरी करणारी, हुशार. पहिल्या आठवड्यात तिने काय केले असेल, तर माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि ‘किशोर’चे जुने अंक व भा. रा. भागवतांची ‘फास्टर फेणे’ची पुस्तके एकामागून एक वाचून काढली. जेवायला गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. दुसरे काही नको. संध्याकाळी शाळेपासूनची एक मैत्रीण येई. येताना मेथीची जुडी आणे. दोघी समोरासमोर बसून मेथी निवडत. फार बोलतही नसत. इमारतीच्या फाटकाशी एक लंगडा कुत्रा असे. त्याच्यासाठी ती रात्री पोळी घेऊन खाली उतरे. आई काळजीत पडली. ‘ही अशी काय वागते? वकिलांचा फोन घ्यायचा सोडून पोरांची पुस्तके वाचते!’

मला मात्र वाटले, ही पोरगी अगदी योग्य ठिकाणी पोहोचली आहे. ती माहेरी आली आहे. आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये आली म्हणून नव्हे. तिथे तर ‘आता पुढे काय’ हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटात वाढला जात होता. तिचे खरे माहेर होते ती ट्रंक, ती मेथीची जुडी आणि तो कुत्रा.

माहेर ही कल्पना आपल्या भाषेने किती खोलवर जपली आहे! जात्यावरच्या ओव्या पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या किती माहेराभोवती फिरतात! पहाटेच्या अंधारात बाई दळायला बसे आणि जे सासूला, नवऱ्याला, शेजारणीला सांगता येत नसे ते जात्याला सांगे. दगडाने कधी ‘पण चूक कोणाची?’ असे विचारले नाही. ऐकून घेणारे आणि उलट न विचारणारे असे काहीतरी माणसाला लागते, हे त्या बायकांनी कोणत्याही शास्त्राआधी ओळखले होते. माहेर म्हणजे तरी काय? जिथे आपण कोणाची बायको, कोणाची सून होण्याच्या आधीपासून ओळखले जातो ती जागा. नाते तुटल्यावर माणसाला नेमकी हीच जागा हवी असते. कारण तुटलेल्या नात्याबरोबर त्या नात्यातले आपणही हरवलेले असतो. ‘त्याच्याशिवाय मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर, तो येण्याच्या आधी जे होते त्याच्याकडेच मिळणार.

बालपणीच्या आवडत्या वस्तूंचे बळ यात आहे. माझ्या पिढीचे माहेर म्हणजे ‘चांदोबा’. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक पुढे मराठीतही आले आणि घराघरांत पोहोचले. दर महिन्याला तोच विक्रम राजा, तेच झाड, खांद्यावर तेच प्रेत. राजाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर! शंकर या चित्रकाराने काढलेले ते स्मशान आम्ही पांघरुणात शिरून पाहत असू. भीती वाटे, पण ती सुखाची भीती. कारण राजा घाबरत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो हे ठाऊक असे. फुरसुंगीचा बनेश फेणे घ्या. सायकलवरून कितीही संकटांत घुसला तरी ‘ट्टॉक्’ करत बाहेर येणारच. ज्याच्या आयुष्यातल्या गोष्टीचा शेवट नुकताच अनपेक्षित झाला आहे, त्याला शेवट ठाऊक असलेली गोष्ट वाचाविशी वाटली, तर त्यात बालिश काय आहे?

हीच गोष्ट गुरगुट्या भाताची आणि गोधडीची. गोधडीवरून मला हॅरी हार्लो यांचा १९५८ सालचा प्रसिद्ध प्रयोग आठवतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी माकडांच्या पिल्लांना आईपासून वेगळे करून दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. तारेच्या आईजवळ दुधाची बाटली असली तरी पिल्ले तिथे फक्त भूक भागवायला जात, आणि दिवसाचे बहुतेक तास कापडाच्या आईला चिकटून राहत. घाबरली की धावत तिच्याकडेच येत. प्रयोग निर्दय होता आणि त्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. पण त्यातून एक गोष्ट कळली ती अशी, की पोट भरणे वेगळे आणि धीर येणे वेगळे. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंगावर ओढून झोपणारी पस्तिशीची बाई दुसरे काय करत असते? हार्लो यांच्या पिल्लांची खरी गोष्ट तर पुढेच आहे. कापडाच्या आईला घट्ट धरून धीर आला, की तीच पिल्ले तिला सोडून समोरच्या अनोळखी वस्तूकडे जात, ती हाताळत. बिलगणे ही धाडसाची पूर्वतयारी होती.

आता मैत्रीण. मेथी निवडण्याला मी फार महत्त्व देतो. हात कामात, नजर जुडीत. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलण्याची सक्ती नाही. बोलावेसे वाटले तर बोलावे, नाहीतर देठ तोडत बसावे. एका छोट्या अभ्यासाबद्दल वाचले होते. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. लोकांना एका टेकडीच्या पायथ्याशी उभे करून चढ किती आहे, असे विचारले. काही जण एकटे होते, काहींबरोबर मित्र होता. मित्र शेजारी असलेल्यांना चढ कमी वाटला, आणि मैत्री जितकी जुनी तितका तो अधिक कमी वाटला. पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्या कोणी तरी बरोबर असले की कमी भासतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांचा असेल. मित्र पायऱ्या कमी करत नाही आणि आपल्याला उचलूनही नेत नाही. तो नुसता शेजारी असतो.

अर्थात सगळेच मित्र मेथीची जुडी घेऊन येत नाहीत. काही जण बातमी घेऊन येतात. ‘तो परवा दिसला होता, बरोबर कोणीतरी होती’, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आता तर खिशातल्या फोनवर ही बातमी न मागता मिळते. जुन्या काळी गाव सोडले की माणूस दिसेनासा होई. आता तो रोज सकाळी फोटोत दिसतो. चांगल्या मित्राचे एक काम या काळात वाढले आहे. हातातला फोन हळूच काढून घ्यायचा आणि म्हणायचे, ‘चल, चहा घेऊन येऊ.’

तिसरा आधार मुक्या प्राण्यांचा. पु. ल. देशपांड्यांनी पाळीव प्राण्यांची आणि त्यांच्या मालकांची यथेच्छ चेष्टा करून ठेवली आहे आणि ती वाचून आपण पोट धरधरून हसलो आहोत. पण या बाबतीत विज्ञान मालकांच्या बाजूचे आहे. कॅरन अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली २४० जोडप्यांवर केलेला एक अभ्यास आम्हा आकडेमोड करणाऱ्यांना विशेष आवडावा असा आहे. मोठ्या संख्येतून एक ठराविक आकडा भराभर तोंडी वजा करत जायचा, असे काम त्यांनी दिले. कधी एकट्याने, कधी जोडीदारासमोर, कधी आपल्या कुत्र्या-मांजरासमोर. प्राणी जवळ असताना त्याच्या मालकांचा रक्तदाब सर्वांत कमी उसळला आणि चुकाही सर्वांत कमी झाल्या. जोडीदारासमोर मात्र ताण वाढला! कारण उघड आहे. जोडीदार कितीही प्रेमळ असला तरी तो मनात गुण देत असतो. कुत्र्याला वजाबाकी येत नाही.

जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळातली ओढ घट्ट करणारे हेच ते द्रव्य. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसे आढळले नाही. पण त्यासाठी जपानला जायलाच हवे असे नाही. महाभारताचे महाप्रस्थानिक पर्व उघडावे. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल पडला, अर्जुन आणि भीमही पडले. सगळी नाती वाटेत गळून गेल्यावर युधिष्ठिराबरोबर उरला तो एक कुत्रा. आणि त्याला सोडून स्वर्गात यायला त्या राजाने नकार दिला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला, हे आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र त्या आधीचा क्षण मोठा वाटतो. तेव्हा तो नुसता कुत्रा होता.

इथे पुरुषांबद्दल लिहायला हवे. बाईला निदान ‘माहेर’ हा शब्द तरी आहे. पुरुषाला तोही नाही. तालुक्याच्या एका शाखेत असताना माझ्या हाताखाली अठ्ठावीस वर्षांचा एक अधिकारी होता. पत्रिका छापून झाल्यावर त्याचे लग्न मोडले. रजा त्याने घेतली नाही, तापाचीही नाही. काम चोख. पण संध्याकाळी सगळे गेले तरी हा बसलेला. गावात जो भेटेल तो कारण विचारी, म्हणून तो बाजारात जाईनासा झाला. पुढे शिपायाकडून कळले, की रेकॉर्ड रूममध्ये एक मांजर व्याली आहे आणि साहेब रोज तिच्यासाठी दूध आणतात. जुन्या लेजरांच्या गठ्ठ्यांमागे चार पिल्ले होती. महिन्याभराने त्यातले एक तो घरी घेऊन गेला. मी सहज विचारले, ‘काय, कसं चाललंय?’ तो म्हणाला, ‘बरं आहे साहेब. सकाळी दुधासाठी उठावंच लागतं.’

सकाळी उठावेच लागणे, हे या दुःखात फार मोठे औषध आहे. दिवस सुरू करायला कारण उरलेले नसते. प्राणी ते कारण देतो. त्याला तुमच्या दुःखाशी देणेघेणे नसते, भुकेशी असते. आणि ज्याची कोणाला गरज उरली नाही असे ज्याला वाटते आहे, त्याला कोणीतरी दारात वाट पाहते आहे हे कळणे सांत्वनाच्या शंभर वाक्यांहून मोठे असते. मात्र एक इशारा द्यायला हवा. प्राणी म्हणजे औषधाची बाटली नव्हे, की बरे वाटले की ठेवून दिली. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, मांजर त्याहूनही अधिक. हे दीर्घ मुदतीचे कर्ज आहे, हप्ते रोज भरावे लागतात. ज्याला ते झेपणार नाही त्याने शेजाऱ्याच्या कुत्र्याला फिरवून आणावे, गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे. तेवढेही पुरते.

‘पण हे सगळे पळून जाणेच नाही का?’ असे कोणी विचारेल. भूतकाळाकडे वळण्याला एके काळी खरोखरच रोग मानत. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बनवला, तो घरापासून दूर असलेल्यांच्या झुरणीच्या आजाराला नाव म्हणून. आता मानसशास्त्रज्ञ वेगळे सांगतात. इंग्लंडच्या साउथहॅम्पटन विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासांत असे दिसले, की एकटे वाटले की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवणींनंतर आपण माणसांशी जोडलेले आहोत ही भावना वाढते. म्हणजे ती रोगाची खूण कमी आणि शरीराने स्वतःच शोधलेला उतारा अधिक.

पण उताऱ्यालाही मात्रा असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, असे असेल तर चांदोबा आणि मांजर पुरे पडणार नाहीत. तिथे डॉक्टरच हवा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही फुकट दूरध्वनी सेवा सुरू केली आहे, तिचा क्रमांक १४४१६. पाय मोडल्यावर जसे आपण हाडवैद्याचा पत्ता विचारायला लाजत नाही, तसेच इथेही लाजू नये.

बँकेत खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही, की ते ‘निष्क्रिय’ म्हणून नोंदले जाते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जाते. लोक समजतात, पैसे बुडाले. बुडत नाहीत. निष्क्रिय बचत खात्यावरही व्याज चढत राहते, आणि निधीत गेलेली रक्कमसुद्धा मूळ मालक ओळख पटवून परत मागू शकतो. संसाराच्या, नोकरीच्या, प्रेमाच्या धबडग्यात आपण बालपणीची पुस्तके, जुने मित्र, अंगणातली मांजर अशी किती खाती उघडून विसरून गेलेलो असतो! जोडखाते बंद होते तेव्हा त्यांची आठवण होते. म्हणून माझी एकच सूचना आहे. सुखाच्या दिवसांतही या खात्यांवर अधूनमधून थोडा व्यवहार ठेवावा. मित्राला विनाकारण फोन करावा. मुलाबाळांच्या ट्रंका ‘अडगळ’ म्हणून रद्दीत घालू नयेत. आणि ज्यांच्या घरात असे कोणी मोडून परत आले असेल, त्यांनी कारण विचारण्याआधी गुरगुट्या भात लावावा.

माहेरी आलेली लेक कायमची राहायला आलेली नसते. चार दिवस राहते, आयते जेवते, उशिरापर्यंत झोपते, आणि मग ओटीत तांदूळ घेऊन निघते. ती मुलगीही पुढे निघाली. वकिलांचे फोन घेतले, कागदांवर सह्या केल्या, भाड्याने दोन खोल्या घेतल्या. सामान हलवायला मैत्रीण होती. ट्रंक तिने बरोबर नेली. फाटकाशी असलेल्या त्या लंगड्या कुत्र्याला पोळी द्यायचे काम आता तिची आई करते.